झिंक ऑक्साइडची फिल्म दुधी का होते?

प्रश्न : सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचा थर देऊन तो तापवून) काचेवर झिंक ऑक्साइडची फिल्म करतो. स्पिन कोटिंगचे (काच गरागरा फिरवून द्रावण पसरवण्याचे) दोन जाड थर देऊन काच थेट ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतो. फिल्म दुधी होते आणि टेप लावली की सोलून निघते. कुठे चुकते?

उत्तर : जाड थर आणि थेट भट्टी, दोन्ही चुकतात. ओल्या थरातले विद्रावक आणि सेंद्रिय भाग एकदम बाहेर पडले की थर आकसतो, सुरकुततो, तडकतो. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून तो दुधी दिसतो.

एकूण ५० मिली द्रावणासाठी ५.५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि १.५ मिली मोनोइथेनॉलअमाइन घ्या, बाकी २-मिथॉक्सीइथेनॉल. हे झाले ०.५ मोलर. ६० अंशांवर दोन तास ढवळा, मग झाकून दिवसभर मुरू द्या. अमाइन कमी पडले तर ॲसिटेट नीट विरघळत नाही. गढूळ द्रावण फेकूनच द्या, गाळून वापरण्याचा मोह नको. २-मिथॉक्सीइथेनॉल हे विद्रावक त्वचेतूनही शरीरात जाते आणि प्रजननसंस्थेला घातक आहे. काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालूनच करा.

३००० आरपीएमवर ३० सेकंद फिरवा, लगेच ३०० अंशांच्या हॉटप्लेटवर १० मिनिटे ठेवा, काच गार झाल्यावरच पुढचा थर. असे सहा ते आठ थर झाले की भट्टी मिनिटाला ५ अंशांनी ५०० पर्यंत न्या, तासभर ठेवा आणि दार न उघडता निवू द्या.

फिल्म सुटते त्याला बहुधा तेलकट काचही कारणीभूत असते. साबण, पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल या क्रमाने अल्ट्रासॉनिकमध्ये दहा-दहा मिनिटे धुवा. साबण धुऊन झाल्यावर काच पाण्यात बुडवून उभी धरा: पाणी सलग पडद्यासारखे ओघळले तर काच स्वच्छ, थेंब तुटून राहिले तर पुन्हा धुवा.

प्रश्न : एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) ३४.४ अंशांना एकच शिखर येते. फिल्म बिघडली का?

उत्तर : नाही. ते (००२) प्रतलाचे शिखर. स्फटिकांचा सी-अक्ष (षट्कोनी स्फटिकाचा उभा अक्ष) काचेला लंब उभा राहिला आहे. २० ते ३० अंशांमधला पसरट उंचवटा मात्र काचेचा. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकांचा आकार काढण्याच्या शेररच्या सूत्रात ही रुंदी रेडियनमध्ये घाला आणि कोन थीटा घ्या, आलेखावरचा दोन-थीटा नव्हे. कॉपर के-अल्फा किरणांसाठी ०.३ अंश रुंदीला साधारण २८ नॅनोमीटर येतात. त्याआधी उपकरणाची स्वतःची रुंदी वजा करायला हवी. हा आकार जाडीच्या दिशेने मोजलेला असतो, त्यामुळे फिल्मच्या जाडीपेक्षा मोठा आला तर गणित पुन्हा तपासा.