रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर?

‘मी ६४ वर्षांची. नाशिकला शाळेत शिकवत होते. यजमान गेल्यावर न्यू जर्सीला, एडिसनला मुलाकडे राहायला आले. मुलगा-सून कामावर गेले की दिवस खायला उठतो. शेजारच्या बाई चर्चच्या तळघरातल्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य वाटतात तिथे, मदतीला जातात, मलाही बोलावतात. मुलगा म्हणतो, “आई, त्या लोकांत कुठे जातेस?” माझं इंग्रजी बेताचं. शिवाय फुकटचं धान्य न्यायला लोक गाडीतून येतात म्हणे! जाऊ का?’

ताई, जाच.

आधी गाडीचं सांगते. तुमच्या भागात गाडी नसेल तर कामावर पोचणंच मुश्कील. नोकरी गेली, घरभाडं थकलं, तरी माणूस गाडी शेवटपर्यंत विकत नाही. ती विकली तर पुढची नोकरी शोधायला जाणार कसा? १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक उभी केली, तेव्हापासून अमेरिकेत हे काम चाललंय. फूड बँक म्हणजे मोठं कोठार, आणि तिथला माल वस्तीत वाटते ती पॅन्ट्री.

इंग्रजीचं मनावर घेऊ नका. सुरुवातीला बहुधा डबे लावायचं काम मिळेल. तारीख बघायची, फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा बाजूला काढायचा, राजमा एका फळीवर, टूना दुसऱ्या. तास-दोन तास समोरासमोर उभं राहून हे करताना गुडघेदुखीवरून, नातवंडांवरून बोलणं निघतंच. मैत्रिणी शोधायला म्हणून गेलात तर अवघडाल. कामाला जा, आणि दर आठवड्याला त्याच वारी जा, म्हणजे तेच चेहरे भेटतील.

तिथे सुकी मसूर, छोले येतात, पण ते शिजवायचे कसे हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि पिशव्या पडून राहतात. कांदा-टोमॅटो घालून मसूर अर्ध्या तासात होते, हे चार ओळींत लिहून फळीवर लावा. तुमचं बाईंचं अक्षर कामी येईल.

आता नाजूक गोष्ट. कधीतरी रांगेत ओळखीचं मराठी घर दिसेल. नोकऱ्या आपल्याही लोकांच्या जातात. त्यांनी नजर चुकवली तर तुम्ही डबे लावत राहा. त्यांनी पाहिलं तर ‘कशा आहात?’ एवढंच विचारा. मंडळाच्या गणपतीत याचा उल्लेख नको, घरी सुनेपाशीसुद्धा नको. एक शब्द बाहेर गेला तर ते घर पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही, आणि हाल मुलांचे होतील.

‘त्या लोकांत’ या शब्दांनी मला वाईट वाटलं. कित्येक पॅन्ट्रींत फळ्या लावणाऱ्यांतलेच काहीजण घरी जाताना आपलीही पिशवी भरून नेतात. शेजारी उभी असलेली बाई त्यांतली आहे का, हे विचारू नका. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मदतीला झुंबड उडते, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत मात्र हात कमी पडतात. उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे मुलांचं शाळेतलं जेवणही बंद. या दिवसांत खाडा करू नका. पुढून बंद असलेले बूट घाला, आणि एखाद्या शनिवारी मुलालाही सोबत न्या. ट्रक उतरवायला तरुण माणसं हवीच असतात.