फोन तुम्हीच उचला

एडिसन, न्यू जर्सी येथून एका भगिनीने लिहिले आहे : "सांगली जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकले, बी.कॉम. झाले आणि दोन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे इथे आले. वाचलेले इंग्रजी समजते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. मुलीच्या शिक्षिकेने 'डिडन्ट यू गेट द फॉर्म?' असे विचारले, मी 'यस' म्हणाले आणि मुलगी सहलीला मुकली. तेव्हापासून सगळे फोन पतीच घेतात. सात वर्षांची मुलगी माझ्या 'व्हेजिटेबल'ला हसते. घरात इंग्रजीच बोलावे, असे पतीचे म्हणणे आहे. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

सहलीचा प्रसंग आधी घेते, कारण तुमच्या मनात तोच सलत असावा. 'फॉर्म मिळाला नाही का?' या प्रश्नाला आपण सहजपणे 'हो, नाही मिळाला' असे उत्तर देतो. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देत असतो. इंग्रजीत मात्र प्रश्न कसाही विचारलेला असो, फॉर्म मिळाला असेल तर 'यस' आणि नसेल तर 'नो' म्हणायचे असते. तुम्ही मराठीच्या वळणाने उत्तर दिलेत आणि शिक्षिकेने ते इंग्रजीच्या वळणाने ऐकले. यापुढे नुसत्या 'यस'वर न थांबता 'नो, आय डिडन्ट गेट इट' असे पूर्ण वाक्य म्हणा.

याच जातीची आणखी एक चूक आपल्याकडून होते. मराठीत 'पाणी द्या' म्हटले की त्या 'द्या'मध्येच आदर येतो. त्याचे शब्दशः 'गिव्ह मी वॉटर' केले की अमेरिकन कानाला तो हुकूम वाटतो. तिथे 'कॅन आय गेट सम वॉटर, प्लीज?' असे विचारतात. आणि दुकानातील कॅशियर 'हाउ आर यू?' म्हणाली, तर ते आपल्याकडच्या 'काय, कुठे निघालात?' इतकेच समजावे. खरे उत्तर कोणालाच नको असते.

'व्हेजिटेबल'मध्ये आपण शेवटी चक्क 'टेबल' म्हणतो, तिकडे ते 'व्हेज्टबल' असे आटोपते. मुलगी हसली तर तिलाच शिकवायला सांगा, मात्र पाहुण्यांसमोर हसायचे नाही, हेही तिला स्पष्ट सांगा. तिच्याशी मराठीतच बोलत राहा. इंग्रजी तिला शाळा आणि मैत्रिणी देतीलच, पण सांगलीच्या आजीशी बोलण्यापुरती भाषा तिला तुमच्याखेरीज कोण देणार? पतींचा हेतू चांगला असला, तरी या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही.

फोनविषयी तर मुळीच नाही. ते तुमची अडचण दूर करतात, पण त्याबरोबर तुमचा सरावही काढून घेतात. तुमच्याकडच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे भारतीय दुकानांच्या त्या रस्त्यावर, मेथीच्या जुडीपासून इडलीपात्रापर्यंत सारे हिंदीत मागता येते. दोन वर्षे इंग्रजीवाचून निभावली, त्यात त्या रस्त्याचाही हात असणार! अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी संभाषणाचे विनामूल्य गट चालतात. तुमच्या ग्रंथालयात चौकशी करा, आणि ती चौकशी स्वतः जाऊन करा. तिथे तुमच्यासारख्याच अडखळणाऱ्या, निरनिराळ्या देशांतल्या बायका भेटतील. शाळेतील महत्त्वाच्या बैठकीसाठी दुभाष्या मागण्यात कमीपणा मानू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे, इंग्रजी पुरेसे न येणाऱ्या पालकांना सरकारी शाळांनी तो विनामूल्य पुरवायचा असतो. मुलीला मात्र दुभाषी करू नका.

पहिला फोन शाळेच्या कार्यालयात करा : पुढची सहल कधी आहे आणि फॉर्म कधी मिळेल, एवढेच विचारायचे. दोन्ही वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवा, तिसरे 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' हे लिहा, आणि फोन संपेपर्यंत पतींना दुसऱ्या खोलीत बसायला सांगा.