गेटवरची चिठ्ठी

प्रश्न : आमचं सोलापुरी चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. वर्डप्रेसवर केलेली वेबसाइट जुन्या विंडोज सर्व्हरवरून नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवली. पहिलं पान छान उघडतं. पण 'जेकार्ड चादर', 'टर्किश टॉवेल', 'संपर्क', कशावरही क्लिक केलं की कोऱ्या पांढऱ्या पानावर '४०४, नॉट फाउंड'. निम्मे फोटोही दिसत नाहीत. पुतण्याने सगळी पानं नव्याने टाइप करायला घेतली आहेत. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय. काय करावं?
– एक दुकानदार, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आधी पुतण्याला थांबवा. पोराची मेहनत वाया जाईलच, वर घोळ वाढेल. जुनं पान डेटाबेसमध्ये शाबूत असताना त्याच नावाचं दुसरं केलं, की वर्डप्रेस नव्याच्या पत्त्याला शेवटी 'आडवी रेघ दोन' जोडतं. आणखी आठवड्याभराने कुठली चादर खरी आणि कुठली दोन नंबरची, तुम्हालाच कळणार नाही.

खात्री करायची तर डॅशबोर्डमध्ये 'पेजेस' उघडा, यादी जशीच्या तशी दिसेल. आणि 'कोरं पांढरं पान' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ४०४ तुमच्या दुकानाच्या नावासह, मेनूसह आलं असतं तर ते वर्डप्रेसने दाखवलं असतं. कोरं आलं, म्हणजे सर्व्हरने गिऱ्हाइकाला गेटवरूनच परत पाठवलं.

असं का? सर्व्हरच्या डिस्कवर 'जेकार्ड चादर' नावाचं फोल्डर मुळात नसतंच. आपल्याकडच्या कारखान्यासारखं समजा. गेटवरच्या वॉचमनकडे चिठ्ठी असते : 'आत ज्याचा पत्ता सापडत नाही, त्याला ऑफिसात पाठव.' ऑफिस म्हणजे इंडेक्स डॉट पीएचपी. पहिल्या पानाला चिठ्ठी लागत नाही, ऑफिस समोरच आहे. बाकी सगळ्यांना लागते. विंडोज सर्व्हरवर ही चिठ्ठी 'वेब डॉट कॉन्फिग' या फाइलीत असते. तुमचा नवा वॉचमन, म्हणजे सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, 'अपाची' असेल, तर तो ती वाचत नाही. त्याला 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची फाइल हवी.

ती लिहून घ्यायला 'सेटिंग्ज'मध्ये 'परमालिंक्स'वर जा आणि काहीही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबा. बस्स. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. फाइल लिहायची परवानगी नसेल तर वर्डप्रेस खाली मजकूर दाखवतं; तो उचलून साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल करून त्यात टाका. तरीही ४०४ आलं तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : 'मॉड रीराइट' चालू आहे का, आणि 'अलाऊ ओव्हरराइड' 'नन'वर तर नाही ना? अपाची २.४ मध्ये ते मुळातच 'नन' असतं, म्हणजे वॉचमनला चिठ्ठी वाचायची मनाई. आणि सर्व्हर 'एनजिनएक्स' या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा निघाला तर तो ही फाइल बघतच नाही. त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये 'ट्राय फाइल्स'ची ओळ घालावी लागते.

'डॉट एचटीअ‍ॅक्सेस'चं नाव बिंदूपासून सुरू होतं म्हणून ती लपलेली असते. मेव्हण्याच्या शेंगाचटणीची साइट एका लिनक्सवरून दुसऱ्या लिनक्सवर नेताना मी स्वतः 'सगळं कॉपी झालं' म्हणून जेवायला गेलो होतो. रात्री साडेबाराला फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'शो हिडन फाइल्स'वर टिक केली, तेव्हा ती जुन्या सर्व्हरवर निवांत बसलेली दिसली. तोवर मेव्हण्याचे अकरा मिस्ड कॉल.

आता फोटो. विंडोजला इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचं सोयरसुतक नसतं, लिनक्सला असतं. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावात शेवटचं 'जेपीजी' बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं आणि लिंक हाताने लिहिताना आपण ते लहान अक्षरांत लिहितो. जुन्या सर्व्हरने चालवून घेतलं, नवा घेत नाही. न दिसणाऱ्या फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा, पत्त्यातलं नाव सर्व्हरवरच्या फाइलीशी अक्षर-अक्षर जुळवा आणि लिंकप्रमाणे फाइलीचं नाव बदला. निम्मेच फोटो गेलेत म्हणजे माझा संशय यावरच आहे.

पुतण्याने केलेली दोन नंबरची पानं काढून टाका. त्यातली एखादी लिंक आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर कुणा व्यापाऱ्याला गेली असेल, तर तेवढीला जुन्या पानाकडे कायमचं वळवणारं '३०१ रीडायरेक्ट' लावा. आणि फोटोंची नावं बदलायला त्यालाच बसवा. टायपिंगला हात बसलाच आहे त्याचा.