लॉगबुकात पाणबुडी नाही म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत

आजोबा पुण्याजवळ लोहगावच्या वायुदल तळावर लिबरेटर विमानावर होते, महायुद्धात पाणबुड्या शोधायचो म्हणायचे, आणि त्यांच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) पाणबुडीचं नावही नाही, मग ते थापा मारायचे का, असं तुम्ही विचारलंय. वाचून मामाच आठवला. तोही लोहगावलाच, सहा नंबर स्क्वाड्रन, सिग्नलर, म्हणजे विमानातला वायरलेस सांभाळणारा. मी स्वतः वायुदलातला नाही, त्यामुळे चूक असेल तर जाणकारांनी सांगावं.

आधी साल बघा. आपल्या वायुदलाला लिबरेटर मिळालं १९४८ ला, युद्ध संपल्यावर. ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत काढलेली विमानं एचएएलने बंगळूरला नेऊन उडती केली, आणि लोहगावची सहा नंबर त्यावर उभी राहिली १९५१ ला. महायुद्धात आपली माणसं किनाऱ्यावर गस्त घालायची ती कोस्टल डिफेन्स फ्लाइटमधून, तेही जुनाट वापिटी विमानांवर. म्हणजे एकतर आजोबा आधी तिकडे होते, नाहीतर घरच्यांनी ६५ चं युद्ध आणि महायुद्ध एकत्र कालवलंय. लिबरेटर १९६८ पर्यंत होती, हे लक्षात ठेवा.

आता पाणबुडी का नाही दिसत. अहो, दिसतच नाही ती! मामाच्या लॉगबुकात पानंच्या पानं तेच, तारीख, विमानाचा नंबर, सी रेकी (समुद्रावरची टेहळणी), तास, आणि शेवटी डीसीओ, म्हणजे सांगितलेलं काम केलं. रात्रीची उड्डाणं लाल शाईत. बस. पण महायुद्धातली पाणबुडी पाण्यावर सतरा नॉटनी पळायची आणि बुडी मारली की बॅटरीवर जेमतेम सात, तेही थोडाच वेळ, त्यामुळे वर विमान घिरट्या घालतंय एवढ्यानेच ती खाली जायची आणि जहाजांचा ताफा निसटायचा. लॉगबुकात त्याचं काय लिहिणार? मे १९४३ मध्ये जर्मनांच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या त्यात लांब पल्ल्याच्या लिबरेटरचा मोठा हात होता, पण त्यांच्याही बहुतेक फेऱ्या कोऱ्याच गेल्या. किती बुडवल्या हा प्रश्नच मला पटत नाही, असो.

खरा ताप पुढे आहे, कागद मागायला जाल तेव्हा. १९७६ ला सागरी टेहळणी नौदलाकडे गेली, सुपर कॉन्स्टेलेशन विमानंही गेली. मामा शेवटी त्यावरच होता, आणि मामीने फॅमिली पेन्शनच्या भानगडीत त्याचं सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं तर एक कार्यालय (नाव घेत नाही, पुण्यातलं नाही एवढंच) म्हणे विमानं नौदलाची, तिकडे विचारा. तिकडचे म्हणे माणूस वायुदलाचा. परत पहिल्याकडे गेलो तर आमचाच अर्ज आम्हाला परत, वर निळ्या शाईत ‘डझ नॉट पर्टेन’, म्हणजे आमच्याशी संबंध नाही. आणि लिहिणारा समोर बसून चहा पितोय! मामी म्हणाली, मेलेल्या माणसाला पण बदलीवर पाठवतात हे.

म्हणून माझं स्पष्ट मत (कायदेशीर सल्ला नाही): अर्जात विमानाचं नाव घालूच नका. लिबरेटर, पाणबुडी, शौर्य, काही नको. सर्व्हिस नंबर, रँक, नाव, ट्रेड (वायुदलातलं काम), भरतीचं साल. शेवटी काम झालं ते असल्या कोरड्या अर्जाने. नंबर माहीत नसेल तर पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) किंवा डिस्चार्जच्या कागदावर सापडतो. आजोबा महायुद्धात एखाद्या ब्रिटिश स्क्वाड्रनला जोडलेले निघाले तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एअर २७ ही मालिका बघा, त्यात स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी असतात, बऱ्याचदा क्रूच्या नावांसकट.

आणि लॉगबुक लॅमिनेट करू नका हो! सगळे करतात. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, लाल शाई फ्लॅशमध्ये उडते. पहिल्या पानाचा फोटो इथे टाका, नंबर झाकून. ट्रेड आणि पहिल्या उड्डाणाची तारीख दिसली की आजोबा वापिटीवाले की लिबरेटरवाले ते कुणीतरी सांगेलच.