कॉलरबोनवरचा उंचवटा आणि करंगळीतल्या मुंग्या

"बाळंतपणात हिचं हाड मोडलं असेल का हो? आणि आता ऑपरेशन केलं नाही तर हात निकामी होईल का?" दहावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचे हे दोन प्रश्न. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, जन्मापासूनच मध्ये न जुळलेलं असण्याचा दोष असलेल्या मुलांच्या घरी ते हमखास निघतात.

मुलीच्या उजव्या कॉलरबोनच्या मध्यावर लहानपणापासून न दुखणारा उंचवटा. गेल्या वर्षापासून मात्र वेणी घालताना किंवा बसमध्ये वरचा दांडा धरला की करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत. पेपर लिहिताना हात जड होई. घरच्यांना तो अभ्यासाचा कंटाळा वाटला होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आईला स्पष्ट मिळायला हवं, कारण ती पंधरा वर्षं स्वतःला दोष देत होती. प्रसूतीत मोडलेलं हाड दुखतं, त्यावर काही दिवसांत नवं हाड धरतं आणि ते जुळतं. इथे गर्भातच हाडाचे दोन भाग एकमेकांना जोडले गेलेले नसतात. एक्स-रेमध्ये त्यांची टोकं गोल, गुळगुळीत दिसतात. याला जन्मजात स्यूडार्थ्रोसिस (खोटा सांधा) म्हणतात. तो बहुतेक वेळा उजवीकडेच असतो. तिथली रक्तवाहिनी जरा उंचावरून जाते आणि तिच्या ठोक्यांचा दाब वाढत्या हाडावर पडतो, असं मानलं जातं. मालिश किंवा पट्ट्याने हे हाड जुळत नाही. दोष दोन्ही बाजूंना असेल, पक्के दात उशिरा आले असतील, खांदे पुढे एकमेकांजवळ आणता येत असतील, तर वेगळ्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते.

त्रास वयात येताना का सुरू होतो? कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांमधल्या अरुंद जागेतून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मूल वाढतं, खांदा पुढे झुकतो, दप्तराचं ओझं येतं आणि ही जागा आणखी आवळते. हाच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. कोपरापाशी नस दबली तरी याच दोन बोटांत मुंग्या येतात, पण तेव्हा बधिरपणा सहसा मनगटाच्या वर चढत नाही. या मुलीच्या कोपराखालची आतली बाजूही बधिर होत होती. विचारेपर्यंत तिने हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

म्हणून तिला दोन आठवडे नोंदी ठेवायला सांगितलं: हात कसा होता, किती वेळाने मुंग्या आल्या, कुठल्या बोटात, हात खाली घेतल्यावर थांबल्या का. अस्थिरोगतज्ज्ञांना त्या वहीचा फार उपयोग झाला. नसांची विद्युत तपासणी नॉर्मल आली. या त्रासात असं बरेचदा होतं, आणि त्यावरून मुलगी खोटं बोलते असं ठरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नुसता उंचवटा असेल तर ऑपरेशन लागतंच असं नाही. मुंग्या, वेदना किंवा अशक्तपणा असेल तर आधी खांद्याच्या पात्याच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. दप्तर दोन्ही खांद्यांवर, मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत. तरीही त्रास वाढला तर मधली तंतुमय ऊती काढून, कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून प्लेट आणि स्क्रूने हाड जोडतात. हाड न जुळणं, प्लेट सैल होणं, संसर्ग, शेजारच्या नसेला इजा हे धोके आहेत, ते सर्जनला थेट विचारावेत.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर कळलं की तिला उंचवटा लपवायचा होता, म्हणून ऑपरेशन हवं होतं. उंचवट्याच्या जागी व्रण राहील, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर तिने परीक्षेपर्यंत व्यायाम आणि मग पुन्हा सर्जनची भेट असं स्वतः ठरवलं.

हात अचानक सुजून निळा पडला, किंवा गार आणि पांढरा झाला, तर मात्र थांबू नका. रक्तवाहिनी दबलेली किंवा तिच्यात गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खपाटीला जाऊ लागला तरी सर्जनच्या भेटीची तारीख पुढे ढकलू नये.