चोर कोण ते आधी ठरवा

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. रहस्यकादंबऱ्यांशिवाय दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नाही. हल्ली स्वतःही लिहायला लागली आहे. वहीभर नुसत्या सुरुवाती आहेत. प्रत्येक गोष्टीत काहीतरी चोरीला जातं आणि दोन पानांत गाडी अडते. ‘पुढे सुचत नाही’ म्हणते. तिला जरा ‘चांगलं’ वाचायला लावू का?

उत्तर : तुमच्या त्या अवतरणचिन्हांतल्या ‘चांगलं’शी माझं जुनं भांडण आहे, ते आज राहू दे. तिला वाचू द्या. रहस्यकथेत रमलेलं मूल प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघतं. हे इथे का सांगितलं? हा माणूस खरं बोलतोय का? पाठ्यपुस्तकातला धडा कुणी इतक्या बारकाईने वाचल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता अडलेल्या गाडीचं. तिला पुढचं सुचत नाही, कारण शेवट तिलाही ठाऊक नाही. रहस्यकथा वाचायची पुढून, पण रचायची मागून. माझ्या लेखन-शिबिरात मी मुलांना पहिली ओळ लिहूच देत नाही. आधी एका चिठ्ठीवर तीन उत्तरं मागते : कुणी केलं, का केलं आणि करताना त्याचं काय चुकलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भराभर येतात. खरी गोष्ट तिसऱ्यात असते.

समजा, शाळेची फिरती ढाल गायब झाली. नेणाऱ्याने ठसे राहू नयेत म्हणून काच पुसली, पण कपाटावरची धूळ तशीच राहिली. हा झाला धागा. तो वाचकासमोर ठेवायचा आणि तरी लपवायचा, म्हणून त्याला वाक्याच्या मधोमध बसवा : ‘कपाट धुळीने माखलं होतं, काच लखलखत होती आणि पृथ्वीच्या गोलावर एक पाल बसली होती.’ पुढच्याच ओळीत पाल उडी मारते, सगळे किंचाळतात. काच कोण लक्षात ठेवणार?

याहून अवघड, पण मुलांना फार आवडणारा खेळ म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा पुरावा. १८९२ सालच्या एका कथेत शेरलॉक होम्सला महत्त्वाचा धागा मिळतो तो कुत्रा रात्री भुंकला नाही यात. म्हणजे आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा! लेकीला विचारा, तुझ्या गोष्टीत काय घडायला हवं होतं आणि घडलं नाही?

वाचकाला फसवावं, पण खोटं खेळू नये. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. त्यातले दोन मुलांना पुरतात : गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटलेला हवा आणि गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसायला हवा. गोष्टी एकमेकांना वाचायला द्या. ‘हे आधी सांगितलंच नव्हतं!’ असं मैत्रीण ओरडली, की लेखिका आपणहून मागची पानं दुरुस्त करते. आईने सांगून ते होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर तूर्तास तपासूच नका.

आणि हो, गुप्तहेराला एखादी लकब हवी. फास्टर फेणेची सायकल आणि ‘ट्टॉक’ काढून घेऊन बघा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. वर्गात रहस्यकादंबरी वाचून दाखवतो, पण एक-दोघांनी ती आधीच वाचलेली असते. ते चोराचं नाव फोडतात आणि सगळा रस जातो. काय करावं?

उत्तर : त्यांना पंच करा, सर. दोन-तृतीयांश पुस्तक झालं की थांबा. बाकीच्यांनी संशयिताचं नाव आणि ज्या पानावर संशय आला त्याचा क्रमांक लिहून चिठ्ठी पाकिटात घालायची. पान नसेल तर चिठ्ठी बाद. मग बघा, पुस्तक मागे चाळायला कशी झुंबड उडते. दुसरं वाचन तुम्ही न सांगताच होतं. पंचांचं काम चिठ्ठ्या तपासण्याचं आणि तोवर तोंड बंद ठेवण्याचं. शिवाय त्यांना एक खास कामगिरी द्या : लेखकाने खऱ्या चोराकडे पहिला इशारा नेमका कुठे केला, ती ओळ शोधायची. चोर माहीत असणाऱ्यालाच ते जमतं. त्या ओळीवरून दोघांत वाद झाला तर मध्ये पडू नका.