पट्टी हिरवी, कार्ड पिवळं, मग खरं कुणाचं?

पोषणाचं समुपदेशन करायला बसतो तिथं आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, की एका ठिकाणी मोजलं तर लेकरू चांगलं म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी कुपोषित म्हणतात, आम्ही कुणाचं ऐकायचं? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या सुनेची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही), कारण तिच्या एका पोरीपायी मला स्वतःलाच बरंच नीट बघावं लागलं.

आली ती सासूला आणि जावेला घेऊन. कडेवर पोरगी, २२ महिन्यांची. बसायच्या आधीच सुरू, "मॅडम, काय करायचं ते कळंना झालंय ओ. आशाताई दंडाला पट्टी लावून हिरवं म्हणून गेल्या. अंगणवाडीच्या टीचर म्हणालीत पिवळ्यात आहे, वजनपण कमी आणि उंचीला वजनपण कमी. डॉक्टर म्हणाले नुसती बुटकी आहे, टॉनिक घाला. मी रोज भात भरवतो, तरी सगळी मलाच बोलालीत." सासूबाई मध्येच, "आमच्या घराण्यातच अशी बारीक हाडं हाईत, उगंच भ्या घालालीत." आणि तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या, वजन-उंची लिहायचं सरकारी कार्ड) सगळं कन्नडमधी, हिची शाळा मराठी, त्यामुळं कुठल्या रेषेवर कसला टिंब दिलाय ते तिला कुणी कधी वाचूनच दाखवलं नव्हतं. आपल्या सीमाभागात हे फार होतं, घरात काळजी असते पण कागद वाचता येत नाही.

मी तिला म्हटलं, अगं, तिघंही खोटं बोलत नाहीत, तिघांचा प्रश्न वेगळा आहे. वयाप्रमाणं वजन बघितलं की एवढंच कळतं की काहीतरी कमी आहे, पोरगी लुकडी आहे म्हणून वजन कमी की बुटकी आहे म्हणून कमी, हे त्यातनं कळत नाही. वयाप्रमाणं उंची म्हणजे जुनी गोष्ट, पोटातल्या दिवसांपासून आतापर्यंत पोषण कसं झालं, आजारपणं किती झाली त्याचा हिशोब. उंचीप्रमाणं वजन म्हणजे आत्ताची गोष्ट, आज अंगावर मांस आहे का. आणि दंडाची पट्टी पण आत्ताचंच सांगते, पण तिची रीत निराळी.

पट्टीबद्दल लोकांना वाटतं हे काहीतरी गरिबांचं स्वस्तातलं मोजमाप आहे. तसं नाही. डाव्या हाताचा खांदा ते कोपर मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा, पट्टी आवळायची नाही. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), साडेअकरा ते साडेबारा पिवळं म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण), वर हिरवं. सहा महिने ते पाच वर्षं सगळ्यांना हाच आकडा, कारण एक ते पाच वर्षांत दंड फार हळू वाढतो. पूर्वी लालची रेषा ११ वर होती, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ती साडेअकरावर आणली. कुठल्या लेकराच्या जिवाला जास्त धोका आहे ते ही पट्टी फार चांगलं ओळखते, आणि जन्मतारीख नक्की माहीत नसली तरी चालते. पण एकच आकडा सगळ्यांना असल्यामुळं लहान वयाची, बुटकी लेकरं तिच्यात जास्त सापडतात आणि मोठी, उंच, लांब पायांची कधीकधी सुटतात. हे सुटणं लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

पोरीला मोजलं. वजन ८.२ किलो, म्हणजे वयाप्रमाणं पिवळ्यातच, टीचर बरोबर. दंड १३.४, आशाताई बरोबर. उंची बघायला आडवी झोपवली, दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवूनच मोजायचं असतं, उभं केलं की साधारण पाऊण सेंटीमीटर कमी भरतं. डोकं जावेनं धरलं, गुडघे मी दाबले, पोरगीनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. ७६ सेंटीमीटर. दोनदा मोजलं, ७६च. आणि कार्डावर लिहिलेलं ८०!

चार सेंटीमीटर म्हणजे बारीकसारीक चूक नव्हे. ८० उंचीला ८.२ किलो वजन म्हणजे पोरगी लुकडी, पिवळी. ७६ उंचीला तेच वजन म्हणजे ठीक. उलट ७६ धरली तर वयाला उंची कमी, बुटकी, म्हणजे डॉक्टरचं पण बरोबर (टॉनिकचं सोडून). एका चुकीच्या उंचीनं अख्खा रोगच बदलला की. मी त्यांना विचारलं, अंगणवाडीत कसं मोजतात? म्हणे भिंतीला पट्टी चिकटवलीय, तिथं उभं करतात. बरं, म्हटलं, जाशील तेव्हा त्या पट्टीचा खालचा शून्य कुठं आहे तेवढा बघून ये.

हे चाललेलं असताना माझं लक्ष जावेच्या पोराकडं. ३ वर्षं ४ महिन्यांचा, शहरात नर्सरीला जातो, त्यामुळं अंगणवाडीच्या कुठल्याच वहीत नाही. सगळ्या घराचा लाडका, "आमचा उंच, बाबावर गेलाय," आणि सतत त्या पोरीशी तुलना, हा बघ कसा वाढलाय. बाह्यांतनं हात काठीसारखे दिसत होते. सहज म्हटलं, याला पण करू या. वजन १२.६, वयाच्या तक्त्यात काठावर पण हिरवं. दंड १२.९, हिरवा. उंची १०१, आणि त्या उंचीला १२.६ किलो म्हणजे सरळ पिवळ्यात, मध्यम कुपोषण. वजन पण ठीक म्हणालं, पट्टी पण ठीक म्हणाली, दोन्हीतनं सुटला. जाऊबाईंचा चेहरा उतरला, सासूबाई पहिल्यांदाच गप्प. तीन सेकंद दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही दोघांचं बघितलं, नव्हता. तो पडला तर बाकीचे आकडे काहीही असू देत, सॅमच धरायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण सुजेनं वजन वाढलेलं दिसतं आणि लोक खूश होतात.

पोराची चौकशी केली तर महिन्यापूर्वी आठ दिवस ताप, तेव्हापासून जेवण नको, आणि दिवसभर पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं. त्याला आधी बालरोगतज्ज्ञाकडं पाठवलं, खोकला-बिकला, जंत सगळं बघायला. मग खाणं. मी काही डब्यातली पावडर सांगत नाही. आपल्याकडचा मसूर, उकड्या तांदळाचा मऊ भात, त्यात चमचाभर तेल नाहीतर तूप, नाचणीच्या आंबिलीत शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं, मोसमात उकडलेलं रताळं. जेवणाआधी चहा-बिस्कीट बंद. पोरीचं पण तेच, फक्त दिवसातनं पाच वेळा, छोट्या वाटीत, आणि भात नुसता नाही, नुसत्या भातानं पोट भरतं पण उंची वाढायला लागतं ते त्यात नसतं. आईला एवढं स्पष्ट सांगितलं की बुटकेपणा दोन महिन्यांत भरून निघत नाही, कुणी तसं सांगून औषध विकत असेल तर पैसे घालवू नको, पण दोन वर्षांच्या आतले दिवस अजून हातात आहेत.

दोन महिन्यांनी परत आली. पोरगा १३.६ किलो, पिवळ्यातनं बाहेर. पोरगी ८.८, उंची ७७.२, वयाच्या दोन्ही तक्त्यांत अजून खालीच, पण रेषा वर चाललीय. आणि बसल्या बसल्या तिनं मोबाईल काढला, अंगणवाडीच्या भिंतीचा फोटो. गेल्या वर्षी तिथं नवीन फरशी घातली, कोबा आणि फरशी मिळून जमीन जवळजवळ पाच सेंटीमीटर वर आली, पट्टी मात्र जुनीच, तिचा शून्य फरशीच्या खाली गाडलेला. म्हणजे वर्षभर गावातलं प्रत्येक लेकरू पाच सेंटीमीटर उंच! (आपली पोरगी उभी मोजल्यानं पाऊण कमी भरली, म्हणून तिच्यात फरक चारचाच दिसला.)

टीचरनी पट्टी काढून नवीन लावली, लहानांना झोपवून मोजायला लागल्या, सगळी वही परत लिहिली. उंचीप्रमाणं वजनात पिवळी होती त्यातली बरीच हिरवी झाली आणि बुटक्यांची यादी लांबली. टीचरचा मला निरोप होता, "मॅडमना सांगा, तुमच्यापायी माझं दोन दिवसांचं काम वाढलं, आता वरच्या ऑफिसात विचारालीत की एका महिन्यात पोरं लहान कशी झाली."